नागिणीचे बीळ

नागिणीचे तोंड शेपटाला मिळाले की माणूस दगावतो, हे वाक्य ऐकल्यावाचून लहानाचा मोठा झालेला मराठी माणूस विरळा. छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूस आग होऊ लागते, दोनतीन दिवसांनी तेथे लालसर पट्टा उमटतो, पट्ट्यावर पाण्याने भरलेल्या पुटकुळ्यांचे घोस येतात, आणि घरातील एखादी वडीलधारी बाई नुसत्या नजरेने निदान करते, "नागीण आहे ही!" मग धावपळ सुरू होते. कोणी दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप घालते, कोणी काव कालवते, कोणी मंत्र घालणाऱ्याला बोलावून आणते. सगळ्यांचा डोळा मात्र एकाच गोष्टीवर असतो. पट्टा पुढे सरकतो की काय?

ही धास्ती आपल्याच मुलखातली आहे असे मला पुष्कळ दिवस वाटत असे. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा एक बहुश्रुत गृहस्थ होऊन गेला. व्हिसूव्हियसच्या ७९ सालच्या उद्रेकात ज्याचा अंत झाला तोच हा प्लिनी. त्याने आपल्या सृष्टिविषयक प्रचंड ग्रंथात ‘झोस्टर’ नावाच्या विकाराचा उल्लेख केला आहे, आणि हा विकार माणसाच्या मध्यभागी होतो व त्याने पुरता वेढा घातला तर प्राण घेतो, असे सांगितले आहे. झोस्टर म्हणजे ग्रीक भाषेत कमरपट्टा. रोमची म्हातारी आणि रोह्याची म्हातारी यांची कधी गाठ पडली असेल असे नाही. पण दोघींची भीती मात्र एकच होती.

नावाचेही तसेच. डॉक्टर लोक या रोगाला ‘हर्पीस झोस्टर’ म्हणतात. त्यातला ‘हर्पीस’ हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आलेला आहे, आणि हा धातू आपल्या संस्कृत ‘सृप्’ धातूचा सख्खा भाऊ आहे. संस्कृतातला आरंभीचा ‘स’ ग्रीकमध्ये पुष्कळदा ‘ह’ होतो. आपले ‘सप्त’ तिकडे ‘हेप्टा’ होते. म्हणजे ‘हर्पीस’ हा ‘सर्प’ शब्दाचा भाऊबंदच ठरतो. आयुर्वेदानेही अंगावर पसरत जाणाऱ्या अशा विकारांना ‘विसर्प’ हे नाव दिले ते याच धातूवरून. तेव्हा ज्या आजीबाईने या रोगाला नागीण म्हटले, तिने नकळत भाषाशास्त्राचीही बूज राखली असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र नागीण म्हटले की तिचे बीळ आले. ती बाहेरून येऊन अंगाला विळखा घालते, की अंगातच कोठे दडून बसलेली असते? आणि तोंड-शेपटाची गाठ पडायची ती सहसा का पडत नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळावयास माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून १९८४ सालापर्यंत खपावे लागले. त्या शोधाची हकीकत मला फार आवडते. कारण तीत मोठ्या प्रयोगशाळा फार उशिरा येतात. त्याआधी येतात ती माणसे नुसते डोळे उघडे ठेवणारी आहेत.

*

पहिला धागा सापडला तो पट्ट्याच्या आकारावरून. नागीण अंगावर वेडीवाकडी पसरत नाही. ती पाठीच्या कण्यापाशी सुरू होऊन बरगडीच्या अंगाने पुढे येते आणि पोटाच्या किंवा छातीच्या मध्यरेषेशी येऊन थांबते. इतका शिस्तीचा रोग नुसता कातडीचा असणार नाही, त्याचा काही संबंध मज्जातंतूंशी असला पाहिजे, अशी शंका इंग्लंडातील रिचर्ड ब्राइट या नामांकित वैद्याने १८३१ सालीच व्यक्त केली होती. पुढे बर्लिनमध्ये फेलिक्स फोन बेरेनश्प्रुंग या त्वचारोगाच्या डॉक्टराने एका मृत रोग्याचे शवविच्छेदन केले. नागिणीचा पट्टा ज्या भागावर होता, त्या भागाच्या मज्जातंतूचा माग काढीत तो कण्यापर्यंत गेला, आणि १८६३ साली त्याने जाहीर केले की, कण्याच्या लगत त्या तंतूवर जी गाठ असते ती सुजलेली व लाल झालेली आढळली.

ही गाठ कसली, ते येथे सांगितले पाहिजे. आपल्या कण्याच्या आतून मज्जारज्जू जातो. त्याच्यापासून दोन्ही बाजूंस तंतूंच्या जोड्या निघतात. एक डावीकडचा, एक उजवीकडचा. स्पर्श, वेदना, ऊनथंड यांची खबर कातडीकडून आत आणणारे जे तंतू, त्यांच्या पेशींची वस्ती मज्जारज्जूच्या बाहेर, कण्याच्या दोन मणक्यांमधल्या फटीपाशी एका लहानशा गाठीत असते. शास्त्रीय परिभाषेत तिला गुच्छिका म्हणतात. प्रत्येक गुच्छिकेकडे कातडीचा एकेक पट्टा नेमून दिलेला असतो. तलाठ्याकडे जसा सजा असतो तसाच हा प्रकार. डाव्या गुच्छिकेचा सजा अंगाच्या डाव्या अर्ध्या भागात, उजवीचा उजव्या. नागीण एका गुच्छिकेतून निघते, त्यामुळे तिला त्या सज्याची हद्द ओलांडता येत नाही. तोंड-शेपटाची गाठ पडत नाही ती यामुळे. क्वचित एखाद्या दुबळ्या रोग्याला दोन्ही बाजूंस नागीण उठतेही. तेव्हा काळजीचे कारण रोग्याची खालावलेली प्रकृती हे असते, वर्तुळ पुरे झाले हे नव्हे.

या सज्यांचे नकाशे काढण्याचे काम हेन्री हेड या लंडनच्या डॉक्टराने केले. आल्फ्रेड कॅम्बेल या सहकाऱ्याबरोबर त्याने १९०० साली जो प्रबंध प्रसिद्ध केला तो आजही वैद्यकाच्या इतिहासात मानाने उल्लेखला जातो. नागीण होऊन गेलेल्या एकवीस माणसांची शवविच्छेदने त्या दोघांनी केली होती. त्यांत काहींचा मृत्यू पुटकुळ्या ओल्या असतानाच आला होता, तर काहींचा पुष्कळ महिन्यांनी. त्यामुळे गुच्छिकेत आधी काय घडते, मागाहून काय उरते, हे सारे त्यांना क्रमाने पाहता आले. आधी सूज आणि रक्तस्राव, मग पेशींचा नाश, मग जेथे जिवंत पेशी होत्या तेथे नुसता व्रण. कातडीवरची खपली पडून गेली तरी आतली जखम भरून येतेच असे नाही, हे त्या एकवीस मृतांनी दाखवून दिले.

हेड हा माणूसच विलक्षण. मज्जातंतू तुटल्यावर संवेदना परत कशी येते हे रोग्यांच्या सांगण्यावरून नीट उमगेना, तेव्हा त्याने १९०३ साली स्वतःच्याच डाव्या हाताचा तंतू शस्त्रवैद्याकडून कापवून घेतला, आणि पुढे काही वर्षे केंब्रिजला जाऊन आपला मित्र रिव्हर्स याच्याकडून त्या हाताची टाचणीने, कापसाने, गरम-गार पाण्याने तपासणी करून घेतली. हे रिव्हर्स म्हणजे आमच्या निलगिरीतील तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणारे तेच.

*

नागीण राहते कोठे ते कळले. ती कोण हे मात्र अद्याप कोणाला ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर आले ते अगदी वेगळ्या दिशेने, बाळगोपाळांच्या खोलीतून.

आपल्याकडे देवी, गोवर, कांजिण्या ही नावे एका दमात घेतली जात. पोराच्या अंगावर फोड दिसले की दारात कडुनिंबाचा डहाळा लागे आणि घरात फोडणी बंद होई. त्यांतली देवी खरी जीवघेणी. कांजिण्या त्या मानाने गरीब. हे दोन रोग निराळे आहेत हे विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६७ साली नीट मांडले. देवीचा शेवट आपण पाहिला. १९७५ साली भारतातून आणि १९८० साली जाहीररीत्या साऱ्या जगातून ती गेली. कांजिण्या मात्र राहिल्या, आणि त्या लहान मुलांच्या किरकोळ दुखण्यांत जमा झाल्या. आठ-दहा दिवस शाळा बुडवून देणारा रोग, एवढीच त्यांची प्रतिष्ठा.

बुडापेस्टमध्ये यानोश बोकाई हे मुलांचे डॉक्टर होते. १८८८ पासून त्यांच्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली. घरात एखाद्या मोठ्या माणसाला नागीण होते, आणि सुमारे दोन आठवड्यांनी त्याच घरातल्या पोरांना कांजिण्या येतात. एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल. पुनःपुन्हा घडू लागले तेव्हा त्यांनी ते टिपून ठेवले, प्रसिद्ध केले, आणि १९०९ साली व्हिएन्नातील वैद्यकीय नियतकालिकात पुन्हा मांडले. नागीण आणि कांजिण्या यांचे बीज एकच असेल काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. पुष्कळांना तो पटला नाही. एक रोग म्हाताऱ्यांचा, एक पोरांचा. एक अंगभर, एक पट्ट्यापुरता. एक साथीने येणारा, दुसरा कधीही आणि एकट्यालाच होणारा. यांची सोयरीक जुळावी कशी?

१९२५ साली व्हिएन्नाच्या कार्ल कुंड्राटिट्झ याने नागिणीच्या पुटकुळ्यांतील पाणी काही मुलांना टोचून पाहिले. ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या होत्या त्यांना काही झाले नाही. ज्यांना झाल्या नव्हत्या त्यांच्यापैकी कित्येकांना कांजिण्यांसारखे फोड आले. आजच्या काळात असला प्रयोग मुलांवर कोणी करू धजणार नाही, आणि करू नये हेच बरे. पण बोकाईचे म्हणणे त्याने बळकट झाले हेही खरे.

*

या कथेचा नायक म्हणून मला एकच माणूस निवडावयास सांगितले, तर मी एका गावच्या डॉक्टरचे नाव घेईन. रॉबर्ट एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडातील सायरनसेस्टर या लहानशा गावी दवाखाना चालवीत. त्यांच्या यादीत सुमारे साडेतीन हजार माणसे. सर्दीखोकला, बाळंतपणे, म्हाताऱ्यांचे सांधे, हेच त्यांचे रोजचे काम. पण या गृहस्थांना नोंदी ठेवण्याचा नाद होता. १९४७ पासून १९६२ पर्यंत, सोळा वर्षे, आपल्या रोग्यांत ज्याला ज्याला नागीण झाली त्याचे वय, नागिणीची जागा, घरात कांजिण्या होत्या की नाही, हे सारे ते टिपून ठेवीत गेले. सोळा वर्षांत नागिणीचे १९२ रोगी झाले. दरमहा सरासरी एक! एवढ्या सावकाश जमणाऱ्या पुंजीवर सोळा वर्षे धीर धरणे हे कोणत्याही विद्यापीठातल्या माणसाला जमले असते की नाही याची मला शंका आहे. गावात राहणाऱ्या, पिढ्यान् पिढ्या तीच घरे ओळखणाऱ्या डॉक्टरलाच ते शक्य होते.

नागीण कांजिण्यांच्या रोग्याकडून लागते की स्वतःच्याच अंगातून उठते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सायरनसेस्टरमध्ये माणसांची ये-जा फार. तेथे हे निवडणे कठीण. म्हणून ते स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड द्वीपसमूहातील येल नावाच्या बेटावर गेले. तेथे वस्ती थोडी, बाहेरच्यांचा वावर कमी, आणि कोणाच्या घरी केव्हा काय झाले हे साऱ्यांना तोंडपाठ. आपल्या कोकणातल्या एखाद्या वाडीसारखेच म्हणा ना! तेथील माहितीवरून असे दिसले की, बेटावर वर्षानुवर्षे कांजिण्यांचा मागमूस नसतानाही लोकांना नागीण होत होती; आणि ज्यांना ती झाली त्यांना बालपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या. म्हणजे नागीण बाहेरून आलेली नव्हती. ती त्यांच्या अंगात लहानपणापासून राहत होती.

१९६५ साली होप-सिम्पसन यांनी आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. कांजिण्या बऱ्या होतात तेव्हा त्यांचा विषाणू मरत नाही. फोडांतून तो कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो, तंतूच्या आतून वर चढत गुच्छिकेत जातो, आणि तेथे निपचित पडून राहतो. शरीराची रखवाली जोवर डोळ्यांत तेल घालून चालू आहे, तोवर तो डोके वर काढत नाही. वय झाले, पहारा ढिला पडला, की तो जागा होतो आणि ज्या वाटेने वर गेला त्याच वाटेने खाली उतरतो. आपल्या आकड्यांवरून त्यांनी असाही हिशेब मांडला होता की, हजार माणसे पंच्याऐंशी वर्षे जगली तर त्यांतील निम्म्यांना एकदा तरी नागीण होईल, आणि दहा जणांना दोनदा. कांजिण्यांचे फोड अंगाच्या ज्या भागावर, म्हणजे छातीपाठीवर आणि चेहऱ्यावर, दाट येतात, तेथेच पुढे नागीण अधिक उठते, हेही त्यांनी ध्यानात आणून दिले.

पण मला खरा थक्क करणारा विचार पुढचा आहे. गोवराचा विषाणू जगावयाचा तर त्याला काही लाखांची वस्ती लागते. लहानशा बेटावर तो सगळ्यांना होऊन जातो, नवे गिऱ्हाईक उरत नाही, आणि तो संपतो. कांजिण्यांचे तसे नाही. दोनचारशे माणसांच्या टोळीतही त्या टिकतात. सगळ्या पोरांना येऊन गेल्या, साथ संपली, तरी विषाणू त्याच पोरांच्या गुच्छिकांत बसून राहतो. पन्नास-साठ वर्षे वाट पाहतो. आणि ती पोरे आजोबा झाली की त्यांच्या नागिणीतून बाहेर येऊन त्यांच्या नातवंडांना कांजिण्या देतो. माणूस रानोमाळ लहान टोळ्यांनी हिंडत होता त्या काळात जगून राहण्यासाठी या विषाणूने दोन पिढ्यांचे अंतर ओलांडणारा पूल शोधून काढला, आणि तो पूल आपल्या मज्जातंतूंचा आहे. बोकाईने बुडापेस्टच्या घरांत जे पाहिले ते याच पुलावरून होणारे जाणेयेणे.

होप-सिम्पसन यांची आणखी एक कल्पना अशी की, घरातल्या मुलांना कांजिण्या येतात तेव्हा मोठ्या माणसांच्या शरीरातील रखवालदारांना जुन्या शत्रूची ओळख ताजी करून मिळते. नंतरच्या अभ्यासांत काही प्रमाणात तसे आढळूनही आले आहे.

प्रयोगशाळांचे काम आता उरले होते, आणि त्यांनी ते चोख केले. अमेरिकेतील टॉमस वेलर याने १९५०च्या दशकात कांजिण्या आणि नागीण या दोहोंतून विषाणू काढून पेशींच्या मळ्यात वाढवला, तो एकच निघाला. १९८३ साली डोनाल्ड गिल्डन आणि त्याच्या सहकाऱ्यांना मृत माणसांच्या गुच्छिकांत या विषाणूचे जनुकद्रव्य सापडले. नागिणीचे बीळ प्रत्यक्ष उकरून पाहिले गेले. आणि १९८४ साली स्टीव्हन स्ट्रॉस व त्याच्या सहकाऱ्यांनी एकाच रोग्याच्या कांजिण्यांतला आणि मागाहून उठलेल्या नागिणीतला विषाणू ताडून पाहिला, तेव्हा दोन्हींचा ठसा तंतोतंत जुळला. बोकाईचा प्रश्न शहाण्णव वर्षांनी निकालात निघाला.

*

विषाणूने मज्जापेशीच का निवडावी? कातडीच्या पेशी झिजतात, नव्या येतात. तेथे बिऱ्हाड करणाऱ्याला वर्षावर्षाला घर बदलावे लागेल. मज्जापेशी मात्र एकदा तयार झाली की माणसाच्या अखेरीपर्यंत तीच. शिवाय ती अमोल असल्यामुळे शरीराचे सैनिक तिच्यावर सहसा हत्यार चालवीत नाहीत. अशा घरात विषाणू जवळजवळ सर्व कारभार बंद करून पडून राहतो. जागा झाला म्हणजे मात्र आपल्याच यजमानाचे घर जाळतो. पुटकुळ्या दिसण्याआधीच दोनतीन दिवस, कधी त्याहून अधिक, जी आग होते ती या जळण्याची. छातीत डाव्या बाजूस झाली तर हृदयविकाराची शंका येते, पोटात उजवीकडे झाली तर पित्ताशयाची. मग एके सकाळी पट्टा उमटतो आणि साऱ्यांना उलगडा होतो.

सगळ्यांत वाईट ते पुढे. पुटकुळ्या दोन ते चार आठवड्यांत वाळतात. मंत्र घालणाऱ्याला हा रोग एवढा यश का देतो याचे कारण यातच आहे; ज्याने काही केले नाही त्याच्याही पुटकुळ्या तेवढ्याच दिवसांत वाळतात. पण गुच्छिकेतल्या ज्या पेशी जखमी झाल्या त्या खोट्या खबरा पाठवीत राहतात. आमच्या घरी माझ्या आत्याबाईंना नागीण झाली होती. ती ‘उतरली’ असे सगळ्यांनी ठरवले, नारळ फुटला. त्यानंतर दीड वर्ष त्या बाईंना चोळीचा स्पर्श सोसत नसे. पदराचा काठ घासला तरी निखारा ठेवल्यासारखे होई. वाऱ्याची झुळूक आली की त्या दचकत. अंगावर तर काही दिसत नव्हते. कातडी साफ, दोनचार पांढुरके वण तेवढे. घरातली जाणती माणसे म्हणत, "नागीण जाऊन वर्ष झालं, आता कसलं दुखतंय?" आत्याबाई मग बोलेनाशा झाल्या. रात्री न्हाणीघरात जाऊन ओल्या पंचाने ती जागा धरून बसत. हेड आणि कॅम्बेल यांनी १९०० सालीच गुच्छिकेतला तो व्रण पाहिला होता, हे वाचताना मला पहिली आठवण झाली ती त्यांची. दुखणे खरे होते. ते दिसण्याच्या जागी नव्हते, इतकेच.

छातीवरची नागीण निदान ओळखू तरी येते. चेहऱ्याच्या तंतूत उठली तर गोष्ट अधिक नाजूक. कपाळावर व नाकाच्या शेंड्यावर पुटकुळ्या आल्या तर डोळ्याला धोका आहे असे समजावे. ही खूण इंग्रज वैद्य जोनाथन हचिन्सन याने दाखवून दिली. कानात पुटकुळ्या येऊन त्याच बाजूचे तोंड वाकडे व्हावे, या प्रकाराचे वर्णन रॅम्से हंट याने १९०७ साली केले. कधी हा विषाणू तंतूंच्या वाटेने मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो आणि पक्षाघाताला कारण होतो. लहान मुलांतही कांजिण्यांनंतर काही जणांचा तोल जातो, चाल अडखळते. बहुतेक बरी होतात, पण कांजिण्या अगदीच गरीब नाहीत याची ती आठवण.

*

उपायांची कथा एका बापापासून सुरू होते. मिचिआकी ताकाहाशी हे जपानी विषाणुशास्त्रज्ञ १९६४ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे काम करीत असता त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या आल्या, आणि त्या इतक्या जोराच्या की रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहण्यावाचून विद्वान बापाला काही करता येईना. मायदेशी परतल्यावर त्यांनी या रोगावर लस करण्याचे मनावर घेतले. ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडांतून विषाणू घेऊन तो माणसाच्या व गिनीपिगच्या पेशींत वारंवार वाढवून त्यांनी त्याला नरम केले, आणि १९७४ साली ती लस जगापुढे ठेवली. अमेरिकेने ती १९९५ साली स्वीकारली. याच वाणाची अधिक जोरकस मात्रा वापरून २००६ साली म्हाताऱ्यांसाठी नागिणीची लस निघाली. २०१७ साली निराळ्या पद्धतीची, जिवंत विषाणू नसलेली, दोन मात्रांची लस आली. पन्नाशीपुढच्या माणसांवरील चाचण्यांत तिने दहापैकी नऊहून अधिक नागिणी टाळल्या. ती आता भारतातही मिळते. औषधाच्या बाजूला, ॲसायक्लोव्हिर हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत जन्मले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे औषध विषाणूची वाढ रोखते. बिळात झोपलेल्याला मात्र ते मारू शकत नाही.

अगदी अलीकडची बातमी वेल्समधून आली. तेथे १ सप्टेंबर २०१३ रोजी नागिणीची लस सुरू झाली तेव्हा नियम असा होता की, २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळणार नाही. एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली दोन माणसे प्रकृतीने काय निराळी असणार? पण एकाला लस मिळाली, दुसऱ्याला नाही. संशोधकांनी त्या म्हाताऱ्यांची पुढची सात वर्षांची कागदपत्रे पाहिली आणि २०२५ साली प्रसिद्ध केले की, लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एकपंचमांशाने कमी निघाले. असे का व्हावे, याचा कार्यकारणभाव उलगडावयाचा आहे. पण मज्जातंतूंच्या बिळात बसलेला हा पाहुणा मेंदूलाही उपसर्ग देत असावा काय, हा प्रश्न आता गंभीरपणे विचारला जात आहे.

दिवाळीला घरोघर आजीआजोबा, लेकीसुना, नातवंडे एकत्र जमतील. त्यांतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने अंगाच्या एकाच बाजूस आग होते असे म्हटले आणि तेथे पुटकुळ्या उठल्या, तर तोंड-शेपटाचे अंतर मोजीत बसू नये. पुटकुळ्या उठल्यापासून पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर रोगाचा जोर मोडतो. लेप आणि मंत्र यांत ते तीनच दिवस जातात, हे त्यांचे खरे नुकसान. डोळ्याच्या जवळपास असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पुटकुळ्या ओल्या आहेत तोवर त्या झाकाव्यात, आणि ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशा गर्भार सुना व तान्ही बाळे यांना दूर ठेवावे. त्यांना आजीकडून नागीण लागणार नाही, पण कांजिण्या लागतील. आणि फोड सुकल्यावर सहा महिन्यांनीही आजी म्हणाली, "अजून चुरचुरतंय गं," तर तिच्या कातडीकडे पाहून निकाल देऊ नये. तिला विचारावे, कोठे, किती, रात्री झोप लागते का. आणि तिला घेऊन पुन्हा दवाखान्यात जावे.